रिपोर्ट नॉर्मल आलाय की!

बॉक्सिंगच्या एका पोराचा डोक्याच्या स्कॅनचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्याचे सर आमच्या स्कॅन सेंटरवर कुंद्याचा डबा घेऊन आले. मी खाल्ला, खोटं कशाला सांगू. बेळगावात कुंद्याला नको म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचंय. तेवढ्यात सर म्हणाले, "नॉर्मल आलंय की ताई, पुढच्या महिन्यात रिंगमध्ये उतरवतो परत." मी हातातला घास तसाच खाली ठेवला.

आदल्या रात्री हाच पोरगा सीटीच्या टेबलावर होता. वय 17, डाव्या भुवईवर पट्टी, कानात बाळी. बाळी काढ म्हटलं. काढली, माझ्या हातात दिली आणि विचारलं, "मावशी, माझी मॅच झाली काय ओ?" झाली रे बाळा. डोक्याला पट्टा बांधताना पुन्हा, "माझी मॅच झाली काय?" मशीनमधून बाहेर काढल्यावर तिसऱ्यांदा तेच. आणि स्कॅन? एकदम स्वच्छ.

19 वर्षं मी स्कॅन काढते. रिपोर्ट डॉक्टर लिहितात, तो माझा अधिकार नाही. पण मशीनला काय दिसतं नि काय दिसत नाही, ते पाठ झालंय. ताजं रक्त सीटीवर पांढरं दिसतं. मेंदूवरच्या बारीक शिरा फाटल्या की ते कवटीच्या आतून चंद्रकोरीसारखं पसरतं. तसं दिसलं की पळापळ: इथंच ऑपरेशन की मिरजेला न्यायचं? या कामाला सीटीसारखं दुसरं काही नाही, रात्री-अपरात्री काही मिनिटांत कळतं. पण गुद्दा बसून मेंदू आतल्या आत गदागदा हलतो, त्याचे तंतू ताणले जातात, ते या मशीनला दिसत नाही. एमआरआयमध्ये रक्ताचे बारीक ठिपके सापडू शकतात. नुसतं कन्कशन असेल, म्हणजे मार बसून मेंदूचं काम काही काळ बिघडलं असेल, तर बऱ्याचदा तेही कोरं येतं.

पैलवानाचा मोडका कान आमच्याकडं मानाचा. आनंदवाडीच्या आखाड्यात लोक तो कान बघून पैलवान ओळखतात. कान निदान दिसतो तरी.

मेंदूचं हे दुखणं नवं नाही. अमेरिकेतल्या मार्टलंड नावाच्या डॉक्टरनं 1928 सालीच 'पंच ड्रंक' बॉक्सरांवर लिहून ठेवलंय. दारूचा थेंब नाही आणि चालणं झिंगल्यासारखं. इंग्लंडात कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी 15 बॉक्सरांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, ते 1973 साली छापून आलं. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसून होणाऱ्या या मेंदूच्या आजाराला आता सीटीई म्हणतात. आजसुद्धा तो ठामपणे सांगता येतो माणूस गेल्यावरच, मेंदूच्या कापांत साचलेलं टाऊ नावाचं प्रथिन बघून.

मग स्कॅन कशाला, असं कुणी म्हणेल. तुलनेला! आधीचा स्कॅन हाताशी असेल तर बदल कळतो. अमेरिकेत लास वेगासमध्ये क्लीव्हलँड क्लिनिक या हॉस्पिटलचे लोक 2011 पासून बॉक्सरांना पुन्हा पुन्हा बोलावून एमआरआय काढतात. लढती जितक्या जास्त, तितकं मेंदूतल्या थॅलॅमससारख्या भागांचं आकारमान कमी, असं त्यांना दिसलं. आमची पोरं पहिल्यांदा स्कॅनला येतात तीच आडवी होऊन.

हेल्मेटचं विचाराल तर त्यानं भुवई फुटायची वाचते, आतलं हलणं थांबत नाही. पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांतून ते 2013 पासून काढूनच टाकलं. डोक्याला लागून मॅच थांबली तर किमान 30 दिवस रिंगबंदी, सरावात गुद्देसुद्धा खायचे नाहीत, हा नियम हौशी बॉक्सिंगच्या पुस्तकात आहे. गल्लीतल्या ओपन स्पर्धेत ते पुस्तक कोण उघडतं?

आणि आमच्या भागाची वेगळीच गंमत. फॉर्म कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत, आणि पोराची आई खानापूरकडची, मराठी शाळेत शिकलेली. सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात 2004 पासून पडून आहे, तो लागेल तेव्हा लागेल. तोवर त्या बाईला 'नो अ‍ॅक्यूट ब्लीड' म्हणजे काय हे कुणी सांगायचं? त्यातला 'अ‍ॅक्यूट' कुणी वाचतच नाही. ताजा रक्तस्राव दिसला नाही, एवढंच लिहिलंय तिथं. पोरगं बरं आहे, असं नाही लिहिलेलं.

आठ दिवसांनी ती भाजी मार्केटात भेटली. म्हणाली, "ट्यूबलाइट लावली की तोंड फिरवतोय ताई. खरं सर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आलाय की."

भाजीवालीकडून पेन घेतलं. तिच्या पिशवीतल्या लाइटबिलाच्या मागं मराठीत लिहून दिलं: उलटी, झापड, वाढती डोकेदुखी, काहीही झालं तर रात्र बघायची नाही, दवाखाना गाठायचा. उद्या परत डॉक्टरला दाखवायचं. त्यांनी लिहून दिल्याशिवाय ग्लोव्हज नाहीत. हे माझं काम नव्हे, माहीत आहे मला. तिनं उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि कागद ब्लाउजमध्ये ठेवला.

पुढच्या महिन्याच्या मॅचचा बॅनर काल आमच्या कोपऱ्यावर लागलाय. खालून दुसरा फोटो त्याचाच आहे. भुवई नीट करून घेतलीय कॉम्प्युटरवर.