इंडेक्स टाकायचा कंटाळा, आणि म्हणे ग्राफ डेटाबेस हवा

"आपला डेटा खूप कनेक्टेड आहे, ग्राफ डेटाबेसच लागणार." (ग्राफ डेटाबेस म्हणजे टेबलांऐवजी नोड, अर्थात बिंदू, आणि त्यांना जोडणाऱ्या कडा अशा रूपात माहिती ठेवणारा.) अहो, कनेक्टेड डेटा कोणाचा नसतो? ग्राहक, ऑर्डरी, ऑर्डरीतले आयटम, पुरवठादार... व्हाइटबोर्डवर गोल काढून बाण जोडले की काहीही ग्राफच दिसतं. त्याला चार टेबलं आणि तीन फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारे कॉलम) पुरतात. निओफोरजे (Neo4j) या ग्राफ डेटाबेसचा वेगळा सर्व्हर कशाला?

मग ठरलेलं तुणतुणं: "पण जॉइन स्लो असतात ना!" जॉइन म्हणजे दोन टेबलांच्या ओळी जुळवून वाचणं. पण पोस्टग्रेस या टेबलांच्या डेटाबेसमध्ये एक्स्प्लेन अ‍ॅनालाइज (क्वेरी नेमकी कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) लावून बघितलंय का एकदा तरी? आयटमच्या टेबलावर ढळढळीत सीक्वेन्शियल स्कॅन दिसेल: वीस लाख ओळी वाचल्या, कामाच्या निघाल्या बारा. फॉरेन की लावली म्हणून पोस्टग्रेस त्या कॉलमवर आपोआप इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) बनवत नाही! प्रायमरी कीवर बनवतो, युनिकवर बनवतो; आयटममधल्या ऑर्डर आयडीवर तुम्हीच टाकायचा असतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी इंजिन तो स्वतः करून देतं, त्यामुळे तिकडून आलेली मंडळी इथे हमखास आपटतात. क्रिएट इंडेक्स कन्करंटली, एक ओळ, चालू सिस्टीमवर, इन्सर्ट-अपडेट न अडवता. फक्त ट्रान्झॅक्शनच्या आत चालवू नका, एरर येईल. आणि मध्येच फसला तर मागे उरलेला इनव्हॅलिड इंडेक्स आधी ड्रॉप करा. एवढं सोडून अख्ख्या डेटाचं मायग्रेशन काढायचं, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

"आमच्याकडे हायरार्की आहे" हाही एक लाडका युक्तिवाद. साहेब-हाताखालचे, कॅटेगरी-सबकॅटेगरी. पोस्टग्रेसमध्ये विथ रिकर्सिव्ह (एकेक पातळी उतरत स्वतःच पुन्हा चालणारी क्वेरी) 8.4 पासून आहे, म्हणजे 2009 पासून! पेरेंट आयडीवर इंडेक्स असला की सात-आठ पातळ्या उतरायला त्याला काही वाटत नाही. डेटात चक्र असेल आणि युनियन ऑल (डुप्लिकेट न गाळणारं) वापरलं असेल तर क्वेरी गोल गोल फिरत राहते, हे खरं. त्यासाठी चालत आलेल्या आयडींचा अ‍ॅरे सोबत ठेवा. पोस्टग्रेस 14 पासून तर सायकल नावाचं क्लॉजच दिलंय.

आणि ग्राफमध्ये जाऊन करतात काय? शहराचा नोड, स्टेटसचा नोड, लिंगाचासुद्धा नोड! मग 'पुणे' या एका नोडला लाखो कडा चिकटतात, आणि ग्राहकाकडून शहर, शहरातून ग्राहक अशा दोन उड्यांत अर्धा डेटाबेस हाती येतो. अरे, ती प्रॉपर्टी (नोडवरची साधी नोंद) आहे, नोड नव्हे. त्यावर कडी म्हणजे सायफर या निओफोरजेच्या क्वेरी भाषेतलं मर्ज (असेल तर तेच घे, नसेल तर बनव). ग्राहक आणि ऑर्डर एकाच पॅटर्नमध्ये लिहून मर्ज केलं, ऑर्डर नवी असली, की पूर्ण पॅटर्न जुळत नाही म्हणून ते ग्राहकही दुसऱ्यांदा बनवतं. युनिक कन्स्ट्रेंट (तीच किंमत दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम) नसेल तर कोणी ओरडतही नाही. एकाच मोबाइल नंबरचे तीन ग्राहक गुपचूप तयार. आधी कन्स्ट्रेंट, मग दोन्ही नोड वेगवेगळे मर्ज, शेवटी नातं. इतकं साधं आहे, पण वाचतो कोण?

ग्राफची खरी गरज असते तिथे जरूर घ्या. एकच फोन, एकच डिव्हाइस, एकच बँक खाते वापरणाऱ्यांची फसवणुकीची साखळी शोधायचीय, किती उड्या लागतील माहीत नाही, कडा दहा प्रकारच्या. तिथे एसक्यूएल लिहिताना घाम फुटतो, सायफरमध्ये दोन ओळी लागतात. पण तिथेही उड्यांना वरची मर्यादा घाला. प्रत्येक नोडला 50 शेजारी धरले तरी चार उड्यांत 62,50,000 वाटा होतात, आणि मर्यादा नसलेला तारा (*, म्हणजे कितीही उड्या) टाकून लोक विचारतात, हँग का झालं?

हे सगळं रेटून नेल्यावर बॅकअपची आठवण येते. चालू डेटाबेसचा ऑनलाइन बॅकअप निओफोरजेच्या एंटरप्राइझ आवृत्तीत आहे, फुकटच्या कम्युनिटीत डेटाबेस बंद करून डंप (डेटाची प्रत) घ्यायचा. हे प्रॉडक्शनला गेल्यावर कळतं, आणि मग रात्री दोनला सर्व्हर बंद करायची ड्यूटी लागते ऑप्सवाल्याची, व्हाइटबोर्डवर बाण काढणाऱ्याची नाही!