किलो-ओहम बघून पिकअप निवडणं बंद करा!

गिटारचा पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, बदलायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती किलो-ओहम?" अरे, तो आकडा आवाजाचा नाहीच! तो नुसता पिकअपच्या कॉइलमधल्या तारेचा डीसी रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध. ४२ गेजऐवजी बारीक ४३ गेजची तार तेवढेच वेढे गुंडाळा, आकडा लगेच वाढतो. आउटपुट तसं वाढत नाही. मॅग्नेट कोणता हे कुणी विचारणार आहे का? अल्निको २ (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचा मिश्रधातू) मऊ, अल्निको ५ खणखणीत, सिरॅमिक बहुधा त्याहून आक्रमक. आणि इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या करंटला कॉइलचा होणारा विरोध? आवाजाचा रंग मोठ्या प्रमाणात त्यावर ठरतो, तरी कित्येक कंपन्या तो छापतच नाहीत!

मग मापं. ब्रिजजवळच्या (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथल्या) हंबकरचं, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचं, पोल-स्पेसिंग (तारांखालच्या कडेच्या दोन चुंबकी टोकांमधलं अंतर) ४९ मिमी हवं की ५२? न मोजता मागवायचा आणि कडेच्या तारा पोलवर आल्या नाहीत की पिकअपला शिव्या. हंबकर नवा, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांमागचे भाग) मात्र सिंगल कॉइलचे (एका कॉइलच्या पिकअपचे) जुनेच २५०के (किलो-ओहम). ट्रेबल दबणारच! ५००के टाका ना.

दोन कंपन्यांच्या वायरींचे रंग सारखेच असतील, हे कुणी सांगितलं? दोन्ही पिकअप एकत्र वाजवले आणि आवाज पोकळ, नाकातला आला, तर फेज उलटी आहे, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडताहेत. चार-वायरी हंबकर असेल तर एकाच्या हॉट (सिग्नलची वायर) आणि ग्राउंडची अदलाबदल करा, संपलं.

आणि मुळात जुन्या पिकअपची उंची तरी बघितलीत का? शेवटच्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) तार दाबा, तार आणि पोलमधलं अंतर दोन मिमीच्या आसपास आणा, ऐका. स्क्रूड्रायव्हरचं काम! ते सोडून थेट सोल्डरिंग आयर्न कशाला तापवता?