‘लक्झरी क्रूझ संपली’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

प्रवासाच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: लक्झरी क्रूझ आता नावापुरती उरली. जहाजं मोठी आणि गर्दीची झाली, भाड्यातल्या सोयी एकेक करून काढून घेतल्या, सूट-टाय जाऊन चपला आल्या, चांगली बंदरं बंद झाली. तेव्हा महागड्या कंपन्यांच्या नादी लागू नका. एखाद्या प्रचंड जहाजावरचा सुइट घ्या आणि तोही शेवटच्या महिन्यात, निम्म्या भावात.

मेसेजमधली बरीच निरीक्षणं खरी आहेत. त्यांवरून काढलेले निष्कर्ष मात्र चुकतात, आणि शेवटचा सल्ला भारतीय पासपोर्ट असणाऱ्याला सरळ खड्ड्यात घालणारा आहे.

‘जहाजं मोठी झाली, म्हणजे गर्दी वाढली’

पहिलं अर्ध वाक्य बरोबर. सिल्व्हरसी कंपनीचं १९९४ चं सिल्व्हर क्लाउड १६,८०० ग्रॉस टनांचं होतं, तर २०२३ चं सिल्व्हर नोव्हा ५४,७०० टनांचं. पण ग्रॉस टन म्हणजे वजन नव्हे, ते जहाजाच्या बंदिस्त जागेचं माप आहे. गर्दीचा अंदाज हवा असेल तर या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागायचं, एका केबिनमध्ये दोघं धरून. सिल्व्हर क्लाउडवर मूळ २९६ प्रवासी होते, म्हणजे माणशी ५७. सिल्व्हर नोव्हावर ७२८ आहेत, म्हणजे माणशी ७५. जहाज तिपटीहून मोठं झालं आणि माणशी जागाही वाढली.

मेसेज ज्या जुन्या काळासाठी हळहळतो, तो या हिशेबात आणखी मागे पडतो. १९८८ चं सीबोर्न प्राइड सुमारे १० हजार टनांचं होतं आणि प्रवासी दोनशेच्या थोडे वर, म्हणजे माणशी ४८ च्या आसपास. त्याच्या सुइटला मोठी काच होती, पण बसायला बाल्कनी नव्हती. आजच्या एक्स्प्लोरा १ वर हा आकडा ६९ च्या घरात जातो. क्रिस्टल सेरेनिटीवर तर नव्या मालकांनी केबिनच कमी केल्या. पूर्वी हजाराच्या आसपास प्रवासी नेणारं ६८,८७० टनांचं हे जहाज आता ७४० जणांना घेऊन निघतं, माणशी ९३. तुलनेसाठी, आयकॉन ऑफ द सीज हे प्रचंड जहाज २,४८,६६३ टनांचं असूनही माणशी ४४ वर येतं. मुंबईहून सुटणाऱ्या, कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस जहाजावर हा आकडा ३० किंवा त्याहून कमी आहे. जाहिरातीत ‘लक्झरी’ हा शब्द दोन्हीकडे दिसतो, म्हणून भागाकार स्वतः करावा.

केबिनच्या मापातही एक मेख आहे. सिल्व्हर नोव्हावरच्या साध्या व्हरांडा सुइटचे ३५७ चौरस फूट किंवा एक्स्प्लोराच्या सर्वांत लहान सुइटचे ३७७ चौरस फूट हे बाल्कनी धरून आहेत. काही कंपन्या बाल्कनी वेगळी दाखवतात. फ्लॅट घेताना बिल्डरला कार्पेट एरिया विचारतो, तसं इथेही विचारायचं.

मोठ्या जहाजाने खरंच बिघडवली ती एक गोष्ट मेसेजमध्ये आलेलीच नाही: धक्का नसलेल्या बंदरात छोट्या बोटीने उतरणं. समजा ७०० जण उतरायचे आहेत, शंभर-शंभर माणसांच्या दोन बोटी आहेत आणि एका फेरीला अर्धा तास लागतो. चौथ्या फेरीतला माणूस पहिल्यानंतर दीड तासाने निघतो. दोनशे जणांच्या जहाजावर हा प्रश्नच नव्हता. म्हणून बुकिंगआधी वेळापत्रकात किती बंदरांपुढे ‘टेंडर’ (म्हणजे छोट्या बोटीने उतरणं) लिहिलंय ते मोजा. गुडघेदुखी असेल तर ही मोजणी केबिनच्या मापापेक्षा महत्त्वाची, कारण समुद्र उसळला की हेच थांबे सर्वांत आधी रद्द होतात.

‘पूर्वी सगळं भाड्यात असायचं’

नव्हतं. क्रिस्टल कंपनीच्या जहाजांवर २०१२ पर्यंत दारूचे पैसे वेगळे पडायचे. रीजंट कंपनीने किनाऱ्यावरच्या सहली सरसकट भाड्यात घेतल्या त्या २००० च्या दशकाच्या अखेरीस. इंटरनेट मिनिटांवर विकलं जायचं. उपग्रहाची नवी सोय आल्यावर, २०२२ नंतर, जहाजावरून धड व्हिडिओ कॉल करता येऊ लागला. (काही देशांच्या सागरी हद्दीत परवानगीअभावी ते अजूनही बंद पडतं. आणि फोन फ्लाइट मोडवर नसेल तर जहाजाच्या मोबाइल नेटवर्कचं रोमिंग बिल डोळे पांढरे करतं.)

काही गोष्टी काढल्या गेल्या हेही तितकंच खरं. ओशियानिया कंपनीने २०२५ पासून मूळ भाड्यातून सहलींचं क्रेडिट आणि बिअर-वाइन वगळली. टिप, वायफाय आणि सगळी रेस्टॉरंट ठेवली. सिल्व्हरसी आणि रीजंटने भाड्याचे प्रकार पाडले: एकात विमान आणि ने-आण, दुसऱ्यात ते नाही. एक्स्प्लोरावर अँथॉलॉजी आणि सिल्व्हरसीवर ला दाम ही रेस्टॉरंट जादा पैशांची आहेत. बटलर सिल्व्हरसीच्या प्रत्येक सुइटला मिळतो, रीजंटच्या फक्त वरच्या वर्गांना.

यातून निघतं ते इतकंच, की ‘ऑल-इन्क्लुसिव्ह’ या शब्दावर विसंबून दोन कंपन्यांची तुलना करता येत नाही. कोटेशन आलं की एजंटकडून पुढच्या गोष्टींची उत्तरं लेखी घ्या: टिप, दारू, वायफाय, कपडे धुणं, बंदरावरची सहल, बंदर शुल्क, विमानतळ ते जहाज ने-आण. विमान धरलेलं असेल तर ते कोणत्या शहरातून? ती सोय मुख्यतः अमेरिका-कॅनडातल्या ग्राहकांसाठी आखलेली असते, मुंबईहून निघणाऱ्याला लागू होईलच असं नाही. यावर स्थानिक कर येतात. ग्रीसने जुलै २०२५ पासून सँटोरिनी आणि मिकोनोसला हंगामात माणशी २० युरो लावले आहेत. परदेशी पॅकेजवरचा टीसीएस (बुकिंगवेळी आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर) खर्चात धरू नका, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. मात्र बुकिंगच्या वेळी ती रक्कम हाताशी लागते.

आपल्याकडे फारसं न बोललं जाणारं एक गणित आहे. जोडप्यातलं कोणीच दारू घेत नसेल, तर दारूसह असलेल्या भाड्यात ते शेजारच्या टेबलावरच्या शँपेनचे पैसे भरतात. अशांनी मूळ भाड्यातून मद्य वगळणाऱ्या कंपन्या आधी पाहाव्यात. मेसेज ज्याला ‘काढून घेणं’ म्हणतो, ते यांच्या फायद्याचं आहे.

‘प्रचंड जहाजावरचा सुइट घ्या, अनुभव तोच’

मोठ्या जहाजात दार बंद केलेला वेगळा विभाग ही कल्पना नवी नाही. एमएससीचा यॉट क्लब २००८ पासून आहे, नॉर्वेजियनचा हेवन आहे, सिंगापूरहून सुटणाऱ्या गेंटिंग ड्रीमवर पॅलेस आहे. स्वतंत्र रेस्टॉरंट, वेगळा डेक, बटलर, चढता-उतरताना प्राधान्य. आजी-आजोबा, नातवंडं अशी तीन पिढ्यांची सहल असेल तर मेसेजचा सल्ला पटण्याजोगा आहे. मुलांना घसरगुंड्या हव्यात, मोठ्यांना शांतता. वायकिंग कंपनीच्या जहाजांवर तर अठराच्या आतल्यांना घेतच नाहीत.

पण दाराबाहेर जहाज पाच हजारांचंच राहतं. थांबे त्याच मोठ्या बंदरांत, आणि गावात तुमच्याबरोबर तेवढीच माणसं उतरतात. किमतीची तुलनाही सरळ नाही. मोठ्या कंपन्यांवर टिप माणशी रोज साधारण १८ ते २५ डॉलर होते. समजा ती २० आहे, आणि दारूचं पॅकेज रोज ९० डॉलर अधिक १८ टक्के सेवाशुल्क. दोघांचे सात रात्रींचे टिपचे २८० आणि पॅकेजचे सुमारे १,४८७, म्हणजे १,७६७ डॉलर भाड्यावर चढले. वायफाय आणि सहली अजून बाकी. काही सुइटवर यातलं थोडं माफ असतं, ते आधी विचारून मग वजाबाकी करा.

‘सूट-टाय गेले, दर्जा गेला’

कपड्यांचा आणि सेवेचा संबंध नाही. वायकिंगने फॉर्मल रात्र कधी ठेवलीच नाही. बॅगेत टक्सिडो नसला तर २३ किलोंच्या मर्यादेत गोडा मसाला आणि मेतकूट बसतं, एवढा फायदा मान्य करू. बंद पाकीट आणि छापील लेबल असलेलंच न्या; घरचा फराळ अनेक बंदरांवर तपासणीत अडतो.

‘चांगली बंदरं गेली’

हा मेसेजमधला सर्वांत कसदार मुद्दा, पण उलटा लावलेला. बंदरं बंद झाली ती मुख्यतः मोठ्या जहाजांना, आणि तोच मेसेज पुढे मोठं जहाज घ्या म्हणतो.

व्हेनिसने १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार ग्रॉस टनांवरची, १८० मीटरपेक्षा लांब किंवा पाण्यावर ३५ मीटरपेक्षा उंच जहाजं सान मार्कोसमोरून जाऊ देणं थांबवलं. मोठी जहाजं आता मार्गेराला, त्रिएस्तेला किंवा राव्हेन्नाला लागतात. वेळापत्रकात ‘व्हेनिस (राव्हेन्ना)’ लिहिलं असेल तर सुमारे दीडशे किलोमीटर आणि बसने दोन-अडीच तास धरा. शेवटच्या दिवशी तिथे उतरून दुपारचं विमान पकडायचा बेत करू नका. इथे लक्झरी कंपन्याही सुटलेल्या नाहीत. फक्त २९८ प्रवासी नेणारं रिट्झ-कार्लटनचं एव्हरिमा २६,५०० टनांचं आहे, म्हणजे तेही मर्यादेबाहेर. माणशी जागा वाढवण्याची किंमत ती ही.

नॉर्वेत गंमत उलटी आहे. गेइरांगरसारख्या जागतिक वारसा फ्योर्डांत (डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्यांत) शून्य उत्सर्जनाचा नियम १ जानेवारी २०२६ पासून १० हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांना आधी लागू झाला. मोठ्यांना २०३२ पर्यंत मुदत आहे. अंटार्क्टिकात एका जागी एका वेळी शंभर जणच उतरू शकतात आणि पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजावरून कोणालाच उतरवत नाहीत. सातशे-नऊशेंच्या लक्झरी जहाजावरून अंटार्क्टिका ‘बघून’ परतावं लागतं. वेळापत्रकात किनाऱ्यावर उतरण्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर तसंच समजा.

आपल्या बाजूला मोठा बदल लाल समुद्रामुळे झाला. जानेवारी २०२४ पासून अनेक कंपन्यांनी तो मार्ग टाळला. युरोप आणि आशियादरम्यान जागा बदलणारी जहाजं मुंबई, मुरगाव आणि कोचीला थांबायची, त्या फेऱ्या त्यामुळे विस्कटल्या. अशा फेरीचं बुकिंग असेल तर अटींमधलं एक कलम नक्की वाचा: मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनीकडे असतो, आणि एखादं बंदर गळलं तर परतावा सहसा बंदर शुल्काएवढाच मिळतो.

‘शेवटच्या महिन्यात निम्म्या भावात’

लहान जहाजांची विक्री वर्ष-दोन वर्षं आधी सुरू होते. चांगल्या जागच्या केबिन, म्हणजे मधल्या भागातल्या, वर नाचण्याचा डेक आणि खाली इंजिन नसलेल्या, पहिल्यांदा जातात. शेवटी सवलत निघते ती उरलेल्या केबिनवर, आणि ती सीऍटल किंवा लंडनमधल्या निवृत्त माणसाच्या उपयोगाची, ज्याला व्हिसा लागत नाही.

आपली अडचण तारखांची आहे. पूर्ण रक्कम भरायची मुदत कंपनीनुसार निघण्याच्या साधारण ९० ते १५० दिवस आधी येते, त्यानंतर रद्द केल्यास कपात वाढत जाते. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाचा, अर्ज फार तर सहा महिने आधी करता येतो. म्हणजे १५० दिवसांची मुदत असेल तर अर्जाची खिडकी उघडल्यापासून पैसे भरेपर्यंत जेमतेम महिना हातात असतो. म्हणून अपॉइंटमेंटवर आधीपासून लक्ष ठेवा, खिडकी उघडताच अर्ज द्या आणि निकाल हाती आल्याशिवाय उरलेली रक्कम भरायची वेळ येणार नाही अशी फेरी निवडा. शेवटच्या महिन्यात बुक करणाऱ्याकडे व्हिसा आधीच पासपोर्टवर असावा लागतो.

व्हिसाही नुसता असून भागत नाही. अथेन्सहून निघून तुर्कस्तानच्या कुशादासीला जाऊन परत अथेन्स, या फेरीत तुम्ही शेंगेनबाहेर जाऊन पुन्हा आत येता. एका प्रवेशाचा व्हिसा चालत नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आलं, शेजारचं मॉन्टेनेग्रो नाही, त्यामुळे तिथल्या कोटोरचा थांबाही याच गणितात येतो. अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त दिवस त्याच्याकडे, दिवस सारखे असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. सोबत प्रत्येक बंदराच्या तारखा-वेळांसह कंपनीचं पत्र जोडायचं. जैन किंवा शुद्ध शाकाहारी जेवणाची नोंदही याच सुमारास लेखी पाठवावी आणि जहाजावर पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याशी बोलून दुसऱ्या दिवसाचं ठरवून घ्यावं. कांदा-लसूण नको असेल तर ‘व्हेज’ एवढंच लिहून भागत नाही.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते अलास्काला. सीऍटलहून निघून सीऍटललाच परतणारी फेरी अमेरिकेतल्या अमेरिकेत वाटते. पण १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अशा फेरीत परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास लागतं. तुम्ही खाली उतरणार नसाल तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. तो नसेल तर सीऍटलच्या चेक-इन काउंटरवरूनच परत पाठवतात, आणि त्या दिवशी भाड्यातला एक डॉलरही परत मिळत नाही.