मामा हौद्यात

परवाच्या लग्नात नवरीच्या मामांनी माझ्या सोफ्याच्या पांढऱ्या कव्हरवर बोटानं 'शुभविवाह' लिहिलं. पेन नाही, रंग नाही, नुसतं बोट. अक्षर वळणदार होतं. शेवटच्या 'ह'ला शेपूटसुद्धा काढली. मग चार पाहुणे गोळा करून ते वाचून दाखवलं.

मंडप-डेकोरेशनवाल्यानं पांढऱ्या कापडाच्या नादी लागू नये हे मला कुणी शिकवायला नको. पण गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवतं आणि म्हणतं, अस्संच पायजे. फोटोतला हॉल पुण्याचा, एसीचा. आणि लग्न मंगळवेढ्याच्या पुढं, मुरमाच्या रस्त्यानं आत गेलेल्या वस्तीवर! ही ज्वारीची काळी जमीन. मालदांडीला मानवते, डेकोरेशनला नाही. उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकाखाली ती मैद्यासारखी दळून निघते, आणि मग तिला अडवणारा पत्रा अजून कुठल्या कारखान्यात निघालेला नाही.

पिकअपच्या हौद्यावर मी पत्र्याचं बंद टप बसवून घेतलंय. पावसाचा थेंब आत येत नाही. धूळ येते. लोकांना वाटतं ती समोरून येते. समोरून येतो तो वारा. चौकोनी गाडी पळायला लागली की तिच्या पाठीमागं हवेचा दाब कमी होतो. चाकांनी उडवलेली धूळ त्या पोकळीत गरगरत गाडीच्याच पाठीला येऊन भिडते. टपातली हवा कुठल्या ना कुठल्या सांध्यातून बाहेर ओढली जात असते, आणि तिची जागा भरायला फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराच्या, फटीतून ही बया आत शिरते. एसटी बघा ना. मागची काच कायम अशी, की कुणीतरी तिच्यावर 'मला धुवा' लिहिलेलंच असतं.

तर फाळक्याच्या तिन्ही बाजूंना मी रबरी बीडिंग मारलं. खाली बिजागरीपाशी करंगळी जाईल एवढी फट होती, तिथं ट्रकची जुनी ट्यूब चिरून तिचा पडदा रिबिटांनी ठोकला. हौद्याच्या कोपऱ्यात पाणी जायला भोकं असतात, त्यांत गोणपाट कोंबलं. आता हौदा धुतला की त्यात म्हैस बसवता येईल इतकं पाणी साचतं. कव्हरं प्लास्टिकच्या पिशव्यांत घातली, वर जुन्या सतरंज्या टाकल्या. एवढं करूनही वस्तीवर पोचून कव्हर उलगडलं, तर घडीच्या प्रत्येक रेषेवर तपकिरी पट्टा. चारपदरी घडी म्हणजे तीन पट्टे. नवरदेवाच्या सिंहासनाचं झेब्र्यात रूपांतर.

हे सगळं मी मामांना समजावून सांगत होतो. पांढरं धोतर, पांढरा नेहरू शर्ट, गुलाबी फेटा, खिशाला दोन पेनं. (म्हणजे पेन होतंच! तरी बोटानंच लिहिलं.) सरकारी नोकरीत रस्त्यावर हयात गेली, असं ते दर तिसऱ्या वाक्याला सांगत. रस्त्यावर कुणाच्या बाजूनं, ते काही कळलं नाही.

"मंडपवाले, धूळ समोरून येती," मामा म्हणाले.

"मागून येती, मामा."

"वारा कुठून लागतोय?"

"समोरून."

"मग?"

या 'मग'पुढं माझं सगळं शास्त्र संपलं. मामांनी फाळका पाडला, बीडिंग चिमटीत धरून ओढून पाहिलं, ट्यूबच्या पडद्याला "हे काय लेंगा शिवलाय का?" असं विचारलं आणि जाहीर केलं, "आत बसल्याशिवाय कळायचं न्हाई."

मला वाटलं, मला बसायला सांगतायत. पण मामा स्वतः चढले. धोतराचा सोगा खोचला, फेटा सांभाळत वाकून आत गेले, रिकाम्या क्रेटवर बसले आणि मोबाइलची बॅटरी लावून म्हणाले, "लावा दार. ओढ्यापर्यंत जाऊन या. मी फट धरतो."

"मामा, बारा पस्तीसचा मुहूर्त आहे."

"आमच्याकडं बारा पस्तीस म्हंजे सव्वा. लावा."

पाहुण्यांनी दार लावलं. कडीसुद्धा घातली, गावाकडं अशा कामाला माणसं कमी पडत नाहीत. मी गाडी काढली. मागून पत्र्यावर थाप पडायची. एक थाप म्हणजे जोरात, दोन म्हणजे हळू, असं बहुधा असावं. आम्ही काही ठरवलं नव्हतं, पण मामा थापा मारत होते आणि मी पाळत होतो. ओढ्यापाशी गाडी वळवली आणि मुरूम भरलेला टिपर पुढं आला. आता त्याची धूळ, माझी धूळ आणि मधे मी, हेडलाइट लावून, भर दुपारी.

तेवढ्यात मंडपातला कर्णा ऐकू आला. माझाच कर्णा, आवाज स्वच्छ. भटजी म्हणत होते, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." पत्र्यावर थापांचा पाऊस सुरू झाला. एक, दोन, दहा. भटजींनी दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा नुसतं "मामा!" म्हणाले, तेही जरा घरगुती सुरात.

कडी काढली. आतून आधी धूळ उतरली, मग मामा. भुवया, मिशा, धोतर, फेटा, सगळं एकाच रंगाचं. डोळे तेवढे दोन ओले. शिंकांच्या मधून मोठ्या समाधानानं ते म्हणाले, "सापडलं."

"कुठून येती?"

"सगळीकडून."

आणि तसेच धावत जाऊन भाचीचा हात धरून बोहल्याकडं निघाले. अल्बममध्ये फोटो आहे. नवरी दागिन्यांनी मढलेली आणि शेजारी उत्खननात सापडलेला पुरुष. अक्षता पडल्या तेव्हा मामांच्या खांद्यावरून बारीक धूर निघत होता.

हसायला ठीक आहे. पण हा रस्ता वर्षानुवर्षं 'काम चालू' आहे. मुरूम पसरला की पाणी मारून रोलर फिरवायचा असतो, म्हणजे तो दबतो, बसतो. काम चालू असताना पाणी मारत राहणं हे ठेकेदाराचंच काम. इथं टँकर येतो तो साहेबांच्या गाडीच्या अर्धा तास आधी. त्या दिवशी रस्ता असा सुगंध सोडतो की वाटावं मृग लागला. दुसऱ्या दिवशी परत भुकटी. कडेच्या शाळेतली पोरं तोंडाला रुमाल बांधून पाढे म्हणतात, डाळिंबाची पानं राखाडी होतात, आणि शेतकऱ्यानं तक्रार केली तर सांगतात, कळ सोसा, रस्ता तुमच्यासाठीच आहे. कव्हराची एक धुलाई किती पडते हे यांतल्या कुणाला ठाऊक नाही. मला आहे, आणि ती मी बिलात लावू शकत नाही.

उपाय एक आहे. टपाच्या पुढच्या भिंतीला, केबिनच्या वर, झरोका पाडायचा आणि त्यात मोटारसायकलच्या एअर फिल्टरसारखा तेलात भिजवलेला फोम बसवायचा. गाडी पळाली की गाळलेली हवा आत दाबली जाते, आतला दाब वाढतो आणि मागच्या फटींतून हवा बाहेर जाते. धुळीला उलटं यावं लागतं. करून घेतलंय मी. डांबरी सडकेवरून जाताना शेजारच्या साइडपट्टीची धूळ उडते, तिथं फरक दिसतो. पण त्यासाठी गाडी पळावी लागते. टिपरच्या मागं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना दाब कसला येतोय? उलट समोर सगळी त्याचीच धूळ. म्हणजे तिथपुरती धूळ समोरूनच येती, आणि हे मामांना कळता कामा नये.

काल त्यांचा फोन आला. बाकीचे पैसे पाठवतो म्हणाले, पण धोतर, नेहरू शर्ट आणि फेट्याच्या धुलाईचे वजा करून.

मी म्हटलं, "मामा, आत तुम्ही आपणहून बसला होता."

"म्हणून तर तपासणीची फी लावली न्हाई."