केस सुटली म्हणून 'नाही' लिहायचं?

भाचा पोलीस भरतीत मैदानी आणि लेखी दोन्ही पार करून आला. चारित्र्य पडताळणीचा फॉर्म हातात पडला, त्यात 'कधी गुन्हा दाखल झाला होता का?' असा प्रश्न, आणि नेमका त्याच दिवशी भरतीच्या ग्रुपवर हा मेसेज: 'केस सुटली की रेकॉर्ड आपोआप साफ. फॉर्मात बिनधास्त नाही लिहा. दंड संहिताच रद्द झाली, म्हणजे जुने गुन्हेही रद्द. अडचण आल्यास ५ हजारांत क्लीन करून मिळेल.' पोरावर गणपतीच्या मिरवणुकीतल्या हाणामारीची केस होती, त्यात निर्दोष सुटला. मला विचारतो, "मामा, नाहीच लिहू ना?"

अरे बाबा, लिहिशील तर घरी बसशील!

सुटका झाली म्हणून गुन्हा दाखल झालाच नव्हता, असं होत नाही. पोलीस ठाण्यात नोंद राहते आणि पडताळणीला तीच निघते. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी साफ सांगितलंय: अटक, खटला, शिक्षा यांबद्दल विचारलेली माहिती खरीच द्यायची, लपवायची नाही. कोवळ्या वयातली घोषणाबाजी वगैरे किरकोळ प्रकार असेल, तर लपवलेलं माफ करता येतं. पण ते साहेबांच्या मर्जीवर. खरं लिहिलं तरी नोकरी द्यायलाच हवी असं नाही, हेही त्याच निकालात आहे. मात्र खोटं लिहिलं तर मूळ केस बाजूला राहते आणि खोटेपणाच अंगाशी येतो.

'दंड संहिता रद्द, गुन्हे रद्द' हे तर हसण्यावारी न्यावं. १ जुलै २०२४ ला जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्याच ३५८ व्या कलमात जुनी प्रकरणं शाबूत ठेवली आहेत. तसं नसतं तर त्याच दिवशी सगळे तुरुंग रिकामे झाले असते.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. अठराच्या आतल्यांसाठी रेकॉर्ड साफ करणारा कायदा खरंच आहे. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम २४: अपात्रता लागत नाही, ठरावीक मुदतीनंतर नोंदीही नष्ट करायच्या. अपवाद एवढाच, की सोळा ओलांडलेल्या मुलावर घोर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालून तो दोषी ठरला तर नाही. भाचा तेव्हा एकोणीसचा होता. मोठ्यांसाठी नोंद पुसायचा असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. तसा सोपा कायदा हवा होता; तो नाही, म्हणूनच असल्या मेसेजला गिऱ्हाईक मिळतं.

५ हजारवाल्याबद्दल काय बोलायचं? तो नोंद पुसत नाही, खिसा पुसतो.

काल रात्री भाच्यानं 'होय' लिहिलं आणि निकालाची प्रमाणित प्रत जोडली. ग्रुपवर मात्र तो मेसेज अजून फिरतोय.