पश्चात्स्वाद

पुण्यातल्या आमच्या भाच्याने चांगली नोकरी सोडली, ही बातमी आम्हाला फार उशिरा कळली; मात्र सोडून त्याने काय सुरू केले, ते मे महिन्यातल्या एका दुपारी, बाहेर ४३ अंश तापमान असताना, थेट खोक्यात भरून सोलापूरला आमच्या दारात येऊन पडले. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘क्राफ्ट जिंजर बिअर’ असे छापलेले होते. पार्सल आणणाऱ्या मुलाने खालच्या मजल्यावर तीन दारे वाजवून ‘बिअरवाले सर कुठं राहतात?’ असे विचारले होते, त्यामुळे एकतीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवून मी जी काही अब्रू जमा केली होती, ती खोके वर येण्याआधीच जिन्यात सांडली. ‘जिंजर’ हा शब्द एकाही शेजाऱ्याच्या कानात शिरला नव्हता.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. “मामा, सात प्रकार आहेत. प्रत्येकाची चव घ्यायची आणि परीक्षण लिहून द्यायचं. तुम्ही मराठीचे प्राध्यापक, तुम्हाला शब्द सुचतात. नुसतं ‘छान आहे’ चालणार नाही हं.”

‘छान आहे’ चालणार नाही म्हटल्यावर सोलापूरच्या माणसाची अर्धी शिदोरी तिथेच संपते. आमच्याकडे खाण्यापिण्याच्या वस्तूला परंपरेने दोनच शेरे आहेत: एक ‘बरं झालंय’ आणि दुसरा ‘मीठ बघा जरा’. यांपैकी पहिला हा सर्वोच्च पुरस्कार असून तो लग्नाच्या जेवणावळीतही सहजासहजी दिला जात नाही. भाच्याने मात्र सोबत एक तक्ता पाठवला होता. त्यात रंग, फेस, सुगंध, चव आणि शेवटी घोट गिळल्यानंतर जिभेवर जे उरते ते, असे पाच रकाने होते. या शेवटच्या रकान्याचे शीर्षक इंग्रजीत होते, ते मला खटकले, म्हणून बराच विचार करून मी तिथे ‘पश्चात्स्वाद’ असा शब्द घडवून लिहिला. सौभाग्यवतींनी चष्मा न लावता तो ‘पश्चात्ताप’ असा वाचला आणि म्हणाल्या, “हे बरं केलं, आधीच लिहून ठेवलंत.”

त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. “यात दारू किती?” मी मराठीचा माणूस असलो तरी नेमलेल्या कामाचा अभ्यास केल्याशिवाय वर्गात जात नसे, त्यामुळे उत्तर तयार होते. आले, साखर, पाणी आणि लिंबू एकत्र करून त्यात यीस्ट सोडले, की ते साखर खाते. खाल्लेल्या साखरेच्या वजनाचा साधारण निम्मा भाग वायू होतो आणि निम्मा मद्यार्क. वायूमुळे फेस येतो. मद्यार्क वाढण्याआधीच बाटली गार केली, की यीस्ट झोपी जाते आणि पेय सभ्य राहते. बाजारातल्या पुष्कळशा जिंजर बिअरमध्ये तर यीस्टचा संबंधच नसतो, सरबतात यंत्राने वायू भरलेला असतो. भाचा मात्र जुन्या पद्धतीने आंबवणारा असून त्याने बाटलीवर ‘०.५ टक्क्यापेक्षा कमी’ असे छापले होते. हे सगळे व्याख्यान त्यांनी कणीक मळता मळता ऐकले आणि म्हणाल्या, “म्हणजे इडलीचं पीठच की. मग फ्रीजमध्ये ठेवा आधी. आपल्या उन्हाळ्यात ते चार तासांत पातेल्याबाहेर येतं.”

सात बाटल्यांपैकी सहा फ्रीजमध्ये बसल्या. सातवीसाठी आमरसाचे पातेले बाहेर काढावे लागले असते, आणि तो विषय आमच्या घरात चर्चेला येऊच शकत नाही. बाटलीवर ‘थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी’ अशी सूचना होती. मे महिन्यातल्या सोलापुरात थंड जागा हा कविकल्पनेचा भाग असल्यामुळे मी निदान अंधाराची अट पाळली आणि ती बाटली चादरींच्या कपाटात, घड्यांच्या मधोमध, उभी करून ठेवली.

चव घेण्याचे काम एकट्याने करण्यात धोका होता, कारण जिन्यातल्या प्रसंगानंतर बंद दाराआड बाटल्या उघडल्याचा आवाज मला परवडणारा नव्हता. म्हणून दार सताड उघडे ठेवून मी समोरच्या वकीलसाहेबांना आणि शेजारच्या अण्णांना बोलावले. अण्णांचे सगळे आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेले. ते घरात तेलुगू, बाजारात कन्नड आणि आमच्याशी मराठी बोलतात, आणि तिन्ही भाषांत मिळून दिवसाकाठी वीसेक शब्द खर्च करतात.

वकीलसाहेबांनी पहिला घोट घेण्यापूर्वीच हरकत नोंदवली. बाटली गडद तपकिरी काचेची होती, आतले दिसत नव्हते, आणि जिंजर बिअर म्हटल्यावर कोणत्याही वकिलाला काचेच्या ग्लासाआधी गोगलगाय आठवते. २६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडमधल्या पेझली गावात मे डोनह्यू नावाच्या बाईंना मैत्रिणीने आईस्क्रीमवर ओतून जिंजर बिअर दिली, आणि उरलेली ओतताना अशाच अपारदर्शक बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, अशी त्यांची तक्रार होती. पैसे मैत्रिणीने दिले होते, त्यामुळे दुकानदाराशी बाईंचा करारच नव्हता. म्हणून त्यांनी थेट उत्पादकावर दावा लावला. तो हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेला आणि १९३२ साली तीन विरुद्ध दोन मतांनी ठरले, की माल बनवणाऱ्यावर तो वापरणाऱ्या अनोळखी माणसाचीही जबाबदारी असते. “आणि गंमत म्हणजे,” वकीलसाहेब ग्लास उजेडाकडे धरत म्हणाले, “ती गोगलगाय खरोखर होती का, हे शेवटपर्यंत सिद्धच झालं नाही.” ग्लासाच्या तळाशी पांढरट गाळ बसलेला होता. तो यीस्टचा आहे हे मी शपथेवर सांगितले, तेव्हा कुठे त्यांनी ओठ लावले.

पहिली बाटली साध्या ताज्या आल्याची होती. अण्णांनी घोट घेतला, छताकडे पाहिले, बराच वेळ वाट पाहिली आणि निर्णय दिला, “सोडा आहे.” मी विचारले, “आणि आलं?” त्यावर ते म्हणाले, “चहात जास्त असतं.” मी तक्त्यात ‘आल्याचा संयत प्रत्यय’ असे लिहिले.

दुसरी सुंठ आणि गुळाची होती, आणि तिथे मात्र सगळेच सावरून बसले. आले वाळले की त्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचे शोगाओल होते आणि ते मूळ द्रव्यापेक्षा बरेच जहाल असते, हे मी वाचले होते. आमच्या आजीने ते न वाचताच बाळंतिणीच्या लाडवात सुंठ चिमटीने मोजून घातली होती. घोट जिभेवर गोड लागला, टाळूशी फेसाने टोचला आणि गळ्याखाली उतरताना तापलेली तार ओढल्यासारखा गेला. मला उचकी लागली. वकीलसाहेबांनी मान खाली घालून डोळे पुसले. अण्णा म्हणाले, “आता लागतंय.” हा त्यांचा त्या दिवसातला सर्वांत मोठा अभिप्राय होता.

दोन प्रकारांच्या मध्ये जीभ कोरी करण्यासाठी बिनमिठाची बिस्किटे खावीत, असे भाच्याने कळवले होते. घरात तशी बिस्किटे नव्हती, म्हणून मी ज्वारीची कडक भाकरी घेतली. ती मोडताना एवढा आवाज होतो, की दोन घरे पलीकडे जेवण सुरू झाल्याचे कळते. चूक तिची नाही. पण कडक भाकरी कोरडी खाणे सोलापुरात दुष्काळाचे लक्षण मानतात, त्यामुळे सौभाग्यवतींनी सवयीने शेंगा चटणीची वाटी पुढे सरकवली, अण्णांनी सवयीनेच तिच्यात भाकरी बुडवली, आणि तिसऱ्या बाटलीपासून शास्त्रशुद्ध परीक्षण संपले. कोकमाचा प्रकार रंगाने देखणा होता, एवढेच मला आठवते. तुळशीच्या प्रकाराला सौभाग्यवतींनी ‘काढा’ म्हणून बाजूला काढले आणि सर्दी झाली की वापरू, असे सांगून झाकण लावले. हिरव्या मिरचीच्या बाटलीवर तीन लाल मिरच्यांचे चित्र आणि ‘सावधान’ असा इशारा होता, ती अण्णांनी जवळजवळ एकट्याने संपवली आणि मग विचारले, “मिरचीची कुठली?”

माझ्या शब्दांचा साठा पाचव्या बाटलीला संपला होता, म्हणून मी वेळ काढण्यासाठी इतिहास सांगायला घेतला. हे पेय अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या यॉर्कशायरकडे रूढ झाले. ते आंबवण्यासाठी घरोघर जे बुळबुळीत गोळे जपत, त्यांना लोक ‘जिंजर बिअरचे रोप’ म्हणत. हिंदुस्थानात पाठवायचे इंजिनिअर जिथे तयार होत, त्या कूपर्स हिलच्या कॉलेजातल्या मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ साली दाखवून दिले, की ते रोप नसून यीस्ट आणि जिवाणू यांचा एकत्र संसार आहे. फेंटिमन्स या इंग्लिश कंपनीची कथा तर अशी सांगतात, की १९०५ साली थॉमस फेंटिमन यांनी एकाला उसने पैसे दिले, त्याने तारण म्हणून जिंजर बिअरची कृती ठेवली, पैसे काही परत आले नाहीत आणि कंपनी उभी राहिली. हे ऐकून वकीलसाहेब उदास झाले. हातउसन्या पैशांच्या बदल्यात सोलापुरात त्यांना आजवर कोणी चटणीची कृतीसुद्धा दिलेली नाही.

सहावी बाटली संपत असताना आतल्या खोलीतून ‘धप्’ असा, उशीवर काठी मारल्यासारखा आवाज आला. कोणीच काही बोलले नाही. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले आणि एकच शब्द उच्चारला, “इडली.”

कपाट उघडले तेव्हा काचेचा एकही तुकडा बाहेर पडला नाही. सोलापुरी चादरीच्या विणीबद्दल मी आजवर पुष्कळ ऐकले होते, पण तिची अशी कसोटी प्रथमच पाहिली. अण्णांनी सगळ्यांत वरच्या चादरीवर हात फिरवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा समाधान दिसले. काचा वेचून झाल्या, पण चार चादरी ठिबकत होत्या आणि त्या धुवायच्या म्हटल्या तर नळाला पाणी चौथ्या दिवशी येणार होते. तोपर्यंत त्या गच्चीवर वाळत पडल्या आणि घरभर, जिन्यात, वकीलसाहेबांच्या कार्यालयातसुद्धा आल्याचा वास दरवळत राहिला.

तक्त्यात मात्र सातव्या प्रकाराची ओळ रिकामी होती. बाटली फुटल्याचे कळवले असते तर भाच्याने दुसरी पाठवली असती. म्हणून मी खोटे काहीही न लिहिता, रंग, फेस आणि चव सोडून, पश्चात्स्वादाच्या रकान्यात एवढेच लिहिले: ‘चौथ्या दिवशीही दरवळ कायम. धुतल्याशिवाय जात नाही.’

जूनमध्ये भाचा नव्या बाटल्या घेऊन स्वतःच आला. सातव्या प्रकाराच्या लेबलवर अवतरणचिन्हांत माझे पहिले वाक्य होते आणि त्याखाली, ‘एक ज्येष्ठ मराठी प्राध्यापक, सोलापूर’.