उंदराला विष कळत नाही, नवी चव खटकते

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: उंदराला विष आपोआप कळतं आणि तो बाकीच्या उंदरांनाही सावध करतो. दोन्ही दावे चुकीचे आहेत.

उंदीर बिचकतो तो अनोळखी चवीला. प्रयोगशाळेत त्याच्यापुढे पहिल्यांदा सॅकरिनचं गोड पाणी ठेवलं, तर त्यात विषाचा अंश नसूनही तो जरासं चाटतो, थांबतो, थोडंच पितो. काही त्रास झाला नाही, की पुढच्या खेपांना तेच पाणी भरपूर पितो. या सावधपणामागे मेंदूतला चवीचा भाग, म्हणजे इन्सुला, आणि भीतीशी जोडला जाणारा अमिग्डाला असे दोन्ही असतात. यांपैकी एकाला इजा केली तरी उंदीर नवी चव पहिल्याच वेळी बिनदिक्कत पितो. म्हणजे ‘सगळं अमिग्डालाच करतो’ असं कुणी म्हटलं, तर तेही अर्धसत्यच.

सावध करण्याचं तर उलटंच आहे. उंदरांच्या खाण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ बेनेट गेलेफ यांच्या प्रयोगांत, सोबत्याच्या श्वासाला ज्या खाण्याचा वास येई तेच खाणं उंदीर जास्त पसंत करत, सोबती आजारी असला तरीही.

मग झिंक फॉस्फाइड हे उंदीर मारायचं विष घातलेलं आमिष उंदीर टाळतात ते का? त्याचा त्रास लवकर सुरू होतो. थोडंसं खाऊन वाचलेला उंदीर त्या चवीचा धसका घेतो. म्हणूनच आमिषाची चव ओळखीची व्हावी यासाठी शेतकऱ्यांना आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष, भरडलेलं धान्य थोडं तेल लावून, ठेवायला सांगतात.